पाच शाळा, पाच पाट्या आणि एक चुकलेला ‘श’

बंद पडलेल्या शाळांच्या जागी लावायला आम्ही ऑनलाइन पाट्या मागवल्या, त्यांचा निकाल आधी सांगून टाकते. धातू उत्तम, कोरीवकाम चांगलं, बांधाबांध तर नव्या नवरीच्या रुखवतासारखी. अक्षरजुळणी नापास, मग पुरवणी परीक्षेत पास. पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा तारा दुकानात काम करणाऱ्या एका मुलाचा आहे, दुकानाचा नाही. तो त्याला कशासाठी दिला ते पुढे येईलच.

मी शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं लिपिक होते. जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले, पटाचे गोषवारे, हेच माझं काम. निवृत्त झाले आणि माजी विद्यार्थ्यांच्या मंडळींनी ठरवलं, की गावात ज्या शाळा आता नाहीत त्यांच्या जागांवर पाट्या लावायच्या. वर्गणी गोळा करायला सगळे पुढे. मजकुराचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. “बाई, तुमच्याकडे दप्तर होतं ना.”

शाळा पाच. एकीच्या जागी आता गाळे आहेत. दुसरीची इमारत पडली, पुढच्या दगडी पायऱ्या तेवढ्या उरल्या. तिसरीच्या पटांगणात गाड्या लागतात. चौथीची इमारत धडधाकट आहे, पण पट घसरत गेला आणि मुलांचं शेजारच्या शाळेत समायोजन झालं, वर्गांना कुलपं. पाचवीला तर इमारत कधीच नव्हती. वाड्याच्या ओसरीवर पंतोजी धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचे, तीच शाळा. ती मोजायची की नाही यावरच एक अख्खी बैठक गेली. मी म्हटलं, जिथे पोर ‘ग म भ न’ शिकलं ती शाळा. मोजली.

आता मालाकडे वळते. पाट्या ऑनलाइन मागवल्या. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रार आहे आणि माफीही आहे, दोन्ही आमच्यातच राहू द्या.

फ्लेक्सचा विचार आम्ही पहिल्याच दिवशी सोडला. उन्हात लाल रंग आधी उडतो, मग दोन उन्हाळ्यांत सगळा चेहरा पांढरा पडतो. शाळेची आठवण ठेवायला निघालो आणि पाटीच विसरभोळी, असं नको. काळा ग्रॅनाइट देखणा असतो, पण अक्षरांत भरलेला सोनेरी रंग काही वर्षांनी सुटतो, आणि जुन्या चुन्याच्या भिंतीवर तेवढं वजन टांगायला भिंतीची छाती लागते. पितळ मला मनापासून आवडतं. पण ते सतत घासावं लागतं, आणि भंगारात त्याला भाव असल्यामुळे रात्रीतून नाहीसंही होतं. शेवटी स्टेनलेस स्टील घेतलं. यात ३०४ आणि ३१६ असे दोन सामान्य प्रकार मिळतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. समुद्रकाठी राहत असाल तर तेच मागा. आम्हाला ३०४ पुरलं.

कोरायची पद्धत मला त्या मुलाने फोनवर समजावून सांगितली. पत्र्यावर आधी एक लेप चढवतात. अक्षरांपुरता लेप उघडा ठेवतात आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात घालतात. उघडा भाग खाल्ला जातो, मग त्या खाचेत रंग भरून भट्टीत पक्का करतात. म्हणजे छापील पाटीसारखा रंग वर बसलेला नसतो, खाली मुरलेला असतो. तुम्ही मागवाल तेव्हा खोली किती ते विचारा. मला आकडे कळत नाहीत, मी पाटी हातात आल्यावर अक्षरावरून नख फिरवलं. नख अडकलं. एवढं झालं की मी समाधानी.

आणि मग चष्मा लावून वाचायला घेतलं.

पहिल्याच ओळीत ‘शाळा’. त्यातला ‘श’ हिंदीचा.

तुम्ही म्हणाल, बाईंना दुसरं काम नाही. पण बघा, मराठीत आपण देठाचा श काढतो आणि पाकळीचा ल. शेंडीफोड्या श आणि दंडाचा ल ही हिंदीची वळणं. वाईट कुठलंच नाही, पण ती आपली नव्हेत. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल हीच रूपं मराठीसाठी ठरवून दिली आहेत. अडचण अशी, की संगणक ज्या पद्धतीने प्रत्येक अक्षराला क्रमांक देतो त्या युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या श ला क्रमांक एकच. रूप कुठलं दिसायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि संगणकात आधीपासून बसवलेले बरेच देवनागरी फॉन्ट हिंदीच्या वळणाचे असतात. तुम्ही हे वाचताय त्या पडद्यावरही कदाचित तोच श असेल. पडद्यावर मी सोडून देते. पण ज्या ओसरीवर पोरांनी धुळीत बोट फिरवून देठाचा श गिरवला, तिच्याच पाटीवर परका श पोलादात कोरून लावायचा?

फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, कॉम्प्युटरमध्ये असाच येतो.”

“मग कॉम्प्युटरला बालवाडीत घाल.”

तो हसला. तेव्हाच मला वाटलं, याच्याशी जमेल.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. पायऱ्यांच्या शाळेच्या पाटीवर मी लिहून दिलं होतं, ‘इमारतीच्या या पायऱ्या तेवढ्या उरल्या आहेत.’ कोरून आलं ‘पायर्या’. म्हणजे ‘या’च्या डोक्यावर रफार. मोठ्याने वाचून बघा, जीभ ठेचकाळते. मी मजकूर युनिकोडमध्ये पाठवला होता, तिथे कुणीतरी तो जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केला आणि आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र गळाला. हिंदीला तो लागतच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कुणी थांबत नाही. ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ असले शब्द तुमच्या मजकुरात असतील तर नमुन्यात आधी तेवढेच शोधा.

तिसरी चूक मांडणीची. इंग्रजी ओळींना जेवढं अंतर ठेवतात तेवढंच त्यांनी ठेवलं होतं. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकले. तिसऱ्या शाळेच्या पाटीवर एक उकार खालच्या अनुस्वाराला असा भिडला होता, की लांबून डाग पडल्यासारखं दिसत होतं. आणखी एक हिशेब सांगते: तीन मीटरवरून सहज वाचता यावं तर अक्षर साधारण २५ मिलिमीटर उंच हवं, असा पाटीवाल्यांचा ढोबळ नियम आहे. तो इंग्रजी अक्षरांचा. आपल्याकडे वर मात्रा, खाली उकार. जागा थोडी जास्तच धरा, मजकूर कमी करा.

दुकानाची बाजूही सांगायला हवी. नमुना मला आधी पाठवला होता. पण मोबाइलवर, बोटाएवढा. त्यावर मी ‘ठीक’ म्हणाले ही माझी चूक. एकतीस वर्षं दाखल्यावरची जन्मतारीख अंकात आणि अक्षरात दोनदा ताडून बघणारी मी, आणि अशी फसले. दुकानाने चुकलेल्या पाट्या पूर्ण नव्याने करून दिल्या आणि खर्च अर्धा अर्धा वाटून घेतला. हे मला न्याय्य वाटलं. मंडळातल्या सरांना अजून वाटत नाही.

दुसऱ्या खेपेला मी राज्य मराठी विकास संस्थेने काढलेल्या यशोमुद्रा फॉन्टमध्ये मजकूर लावून घेतला आणि अक्षरं ‘कर्व्ह’ करून पाठवली. कर्व्ह केलं की ती अक्षरं राहत नाहीत, चित्रं होतात. पलीकडच्याकडे फॉन्ट असो नसो, काही हलत नाही. मुख्य शब्द ‘शाळा’ मात्र मला हाताचा हवा होता. तिरक्या टोकाच्या पेनाने कागदावर लिहिला, फोटो काढून त्या मुलाला पाठवला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. “काकू, तुमच्या श च्या देठाला थोडा कंप आहे. सरळ करू की ठेवू?” मी म्हटलं, ठेव. अर्धा तारा त्याचा तो इथला. मॅडमची काकूही तेव्हाच झाले.

आता मजकुराबद्दल. दुकानाचा मागणीचा फॉर्म बघून मला हसावं की रडावं ते कळेना. पहिला रकाना ‘उद्घाटकांचे नाव’. दुसरा ‘यांच्या शुभहस्ते’. तिसरा ‘प्रमुख उपस्थिती’. संस्थेचं नाव पाचव्या ओळीवर, चाळीस अक्षरांत बसवायचं. त्यांच्या तयार नमुन्यात पाटीचा दोनतृतीयांश भाग माणसांच्या नावांनी भरलेला, शाळा खाली कोपऱ्यात. आपल्याकडे बहुतेक पाट्या कुणी काय उघडलं याच्याच असतात, हेही खरं. आमच्याही मंडळात दोघांना आपलं नाव हवं होतं. मी त्यांना विचारलं, तुमचं नाव शाळेत एकदा जनरल रजिस्टरला लागलंय ना, मग परत कशाला? एकजण हसले. दुसरे अजून बोलत नाहीत.

‘स्थापना’ हा रकाना दिसतो तेवढा सोपा नाही. शाळा भरायला लागली ते वर्ष वेगळं, तिला मान्यता मिळाली ते वेगळं, इमारत बांधली ते आणखी वेगळं. कोनशिलेवर असतं ते बहुधा इमारतीचं. त्यात कोनशिला शकात असेल तर ७८ मिळवून मोकळं होता येत नाही. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. समजा शिळेवर नुसतं शके १८१२ आहे. ते १८९० असू शकतं, आणि महिना माघ-फाल्गुनाचा असेल तर १८९१. महिना कोरलेला नसेल तर दोन्ही वर्षं मध्ये आडवी रेघ देऊन लिहा. दुकानाच्या फॉर्मला चारच अंक चालतात. भांडून सात मिळवले.

नावाचंही तसंच. एकच इमारत, पण जुन्या कागदांवर ती लोकल बोर्डाची शाळा, मग स्कूल बोर्डाची, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर जिल्हा परिषदेची. जुन्या लोकांच्या तोंडी ‘फायनल’ असतं, म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल; ती पास झालेला माणूस त्या काळात मास्तर होऊ शकायचा. आणि गावाच्या तोंडी? गावाच्या तोंडी ती फक्त ‘वरची शाळा’. मी पाट्यांवर पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत गावाच्या तोंडचं नाव घातलं: वरची शाळा, मुलींची शाळा, एक नंबर. सरकारी नावं खाली बारीक अक्षरांत, क्रमाने. सरांचं म्हणणं, हे अधिकृत वाटत नाही. मी म्हटलं, सर, तुम्ही स्वतः कुठल्या शाळेत होता? “वरच्या,” ते म्हणाले.

त्याखाली एक ओळ मी हट्टाने घातली आणि तीच सगळ्यात उपयोगाची ठरली: शाळेचं दप्तर आता कुठे आहे. शाळा बंद झाली तरी दाखल्याची गरज बंद होत नाही. माणसं पन्नाशीला जातीच्या दाखल्यासाठी, वारसासाठी, पासपोर्टसाठी जुनी नोंद शोधत येतात आणि कुलूप बघून परत जातात. चौथ्या शाळेची रजिस्टरं ज्या शाळेकडे गेली तिचं नाव पाटीवर कोरलंय. बरोबर बंद शाळेचा यू-डायस क्रमांकही (म्हणजे प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), अकरा आकडी, महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा. शोभेला काही नाही, पण तो क्रमांक सांगितला की कार्यालयातला माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. दुकानवाल्याला वाटलं मोबाइल नंबर चुकलाय. मुद्दाम फोन करून विचारलं, हे मात्र आवडलं मला.

रजिस्टरांचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या जुन्या रजिस्टरांत निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे. आईबापांना तारीख माहीत नसायची, शाळा जूनला उघडायची, मास्तर वय मोजून १ जून टाकायचे. त्यामुळे जन्मतारखेवर माझा विश्वास नाही. पण दाखल झाल्याच्या तारखेवर आहे, कारण त्या दिवशी पोर समोर उभं असायचं. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा या नावाने बाबासाहेब आंबेडकर दाखल झाले, रजिस्टरला क्रमांक १९१४. ती एक ओळ जपून राहिली म्हणून राज्यात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस झाला. ती ओळ लिहिणारा कारकून कोण होता देव जाणे. अक्षर मात्र नीट काढलं असणार त्याने.

आणि पुण्याचा भिडेवाडा. १८४८ साली फुले पती-पत्नींनी तिथे मुलींची शाळा काढली. वाडा मोडकळीला येऊन, कोर्टकज्जे होऊन शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, आता तिथे स्मारक होणार. तिथे निदान अख्ख्या राज्याला जागा ठाऊक आहे. आमच्या गाळ्यांच्या जागी शाळा होती हे तिथल्या भाडेकरूंनाही माहीत नव्हतं. पाटी लावायला गेलो तर एकाने विचारलं, “इथे? मग घंटा कुठे होती?” त्याच्याच दुकानाच्या शटरपाशी होती.

क्यूआर कोडबद्दल थोडक्यात. दुकान आग्रहाने ‘डायनॅमिक’ कोड विकतं. त्यात कोड आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि तिथून आपल्या पानावर. पान बदललं तरी पाटी बदलावी लागत नाही, हा खरा फायदा. पण दरवर्षी नूतनीकरण करायचं, आणि ज्या वर्षी मंडळ विसरेल त्या वर्षी पोलादात कोरलेला मेलेला चौकोन उरेल. आम्ही थेट पत्त्याचा कोड घेतला. दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची मागा. तीत कोडाचा साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो, खालच्या पातळीत ७ टक्केच. आणि पत्रा चकचकीत नको. पहिल्या पाट्यांवर भर दुपारी फोनला फक्त सूर्य दिसायचा. नव्यांना मॅट केलं, आता वाचतो. तरी खरं सांगू, तो वापरणारी माणसं मी बोटांवर मोजलीत. म्हातारी मंडळी पाटीच वाचतात, तीही मोठ्याने.

बसवण्याचं सामान बरोबर आलं: स्टीलचे स्क्रू, भिंतीपासून बोटभर अंतर ठेवणाऱ्या नळ्या, वर टोप्या. स्क्रूचं डोकं साध्या पेचकसाने फिरत नाही, त्याचा खास पेचकस येतो. तो मंडळाच्या कपाटात ठेवलाय आणि किल्ली माझ्याकडे आहे. गवंड्याने एका पाटीला दोन स्क्रू कमी पडले म्हणून घरचे लोखंडी मारले होते. पहिल्याच पावसात त्या दोन ठिकाणांहून गंजाचे ओघळ उतरले, पाटी रडल्यासारखी. यात दुकानाचा दोष नाही. बदलून घेतले, ओघळ पुसले. बाकी एका पावसाळ्यात पाट्यांना काही झालं नाही, रंग भरलेला तसाच आहे.

भोकं कुठे पाडायची याचा पाटीच्या मापाचा कागदी साचा त्यांनी बरोबर पाठवला होता, ही फार सोयीची गोष्ट. भिंतीला चिकटवायचा, खुणांवर ड्रिल मारायचा. आम्ही तो जपून ठेवला आणि बरं झालं. मुलींच्या शाळेची पाटी लावून आठवडा झाला नसेल, एक आजी काठी टेकत आल्या, पाटी वाचली आणि म्हणाल्या, “सगळं बरोबर आहे गं, पण ही भिंत चुकली. मुलींचं दार इकडून नव्हतंच. मागच्या बोळातून होतं. पुढून आम्हाला येऊ देत नसत.” मी रजिस्टर बघितलं होतं, नकाशा बघितला होता, दार कुठल्या बाजूला होतं ते त्यांत नव्हतं. आणखी दोघींना विचारलं. दोघीही बोळच म्हणाल्या.

पाटी उतरवली, बोळात लावली. जुन्या भिंतीवर चार भोकं उरली. दुकानाला फोन करून विचारलं, नुसत्या टोप्या मिळतील का. त्या मुलाने पाकिटातून आठ पाठवल्या, पैसे घेतले नाहीत. चार लावल्या. चार कपाटात आहेत, पेचकसाशेजारी. तिसऱ्या शाळेच्या दाराबद्दल अजून दोन मतं आहेत.